शाकारणी आणि सिमेंटचा पत्रा

पावसाळ्याआधी छप्पर शाकारून घ्यायचे, ही कोकणातली आणि जुन्या मुंबईतली रीत. वैशाखात माणूस आढ्यापर्यंत चढतो, कौले चाळतो, फुटकी काढून नवी बसवतो, कुजलेली रीप बदलतो आणि मृगाच्या आत खाली उतरतो. या कामाला पट्टा नव्हता, दोर असला तर असला. तरी ते काम पिढ्यान् पिढ्या चालले, कारण कौलारू छप्पर चढणाऱ्याला आपला सांगाडा दाखवते. चार कौले उचलली की खाली रीप दिसते, रिपेखाली वासा दिसतो आणि पाय कुठे ठेवायचा ते कळते. मंगळुरी कौलाखालच्या रिपा एकमेकींपासून जेमतेम फूटभर अंतरावर असतात. कौल फुटलेच तर पाय आत जातो, मांडी रिपेला अडकते, खरचटते. अख्खा माणूस त्या फटीतून जात नाही. आज कारखान्याच्या छपरावरून कोणी पडला की कारण म्हणून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द सगळ्यांत आधी पुढे येतो. छपरांचा आणि कायद्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचला तर तो शब्द टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. गेल्या शतकात माणसाच्या पायाखालचे छप्पर बदलले. त्याला वर पाठवण्याची रीत मात्र शाकारणीचीच राहिली.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली आणि ताडदेवला ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत गिरणगाव उभे राहिले आणि त्याबरोबर इथल्या माणसांनी कधी न पाहिलेले एक छप्पर आले. साचेखात्यात मागांचा हादरा मोठा, म्हणून ते खाते बहुधा तळमजल्यावर, एकमजली. विणकराला सूत दिसले पाहिजे पण डोक्यावर ऊन नको, म्हणून छपराला करवतीसारखे दाते. दात्याची उभी बाजू उत्तरेकडे आणि काचेची, उतरती बाजू कौलांची किंवा पत्र्याची. प्रत्येक दोन दात्यांमध्ये एक लांबलचक पन्हळ. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाणी कोसळते आणि ते सगळे या पन्हळींतून वाहून जावे लागते. पन्हळ तुंबली की पाणी थेट मागावरच्या कापडावर. म्हणून दर वर्षी मे महिन्यात माणसे वर जात, गाळ आणि काजळी उपसत, काचा पुसत, सांधे बुजवत. एका हाताला काच, दुसऱ्या हाताला निसरडा उतार आणि मध्ये पाऊलभर रुंदीची वाट. मालकाच्या लेखी ती पाण्याची वाट होती. तिथे माणूस काम करतो, असे इमारतीच्या आराखड्यात कुठे लिहिलेले नसे.

कायद्याच्या नजरेलाही ते दिसले नाही. १८८१ चा पहिला कारखाने कायदा शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्यांना लागू झाला. त्यात मुलांच्या कामाचे तास आले, फिरत्या यंत्रांना कुंपण आले. चाक, पट्टा, शाफ्ट यांत हात सापडतो हे सरकारला उमगले होते. छप्पर मात्र स्थिर वस्तू. स्थिर वस्तू माणूस मारते ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. कामगारांच्या बाजूने पाहणाऱ्याला अपघात अधिक स्वच्छ दिसत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारच्या सुट्टीइतकीच महत्त्वाची एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. अपघात यंत्राने झाला की छपराने, असा भेद त्या मागणीत नाही. मला हा अर्ज म्हणूनच फार मोलाचा वाटतो. सरकारला तिथवर पोचायला जवळजवळ ४० वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात बांधकाम-दुरुस्तीच्या कामगारांची व्याख्या करताना जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंतची उंची फुटांत मोजली गेली. उंचीचा हिशेब कायद्यात असा आला तो पडल्यानंतर द्यायच्या पैशांसाठी. पडू नये म्हणून काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

दरम्यान वर सामान बदलत होते. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि नळीच्या कौलांची जागा हळूहळू मंगळुरी कौलांनी घेतली. तो बदल चढणाऱ्याच्या फायद्याचाच होता. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ मध्ये घेतले गेले आणि तो पत्रा जगभर पसरला. लोखंडी पत्रा गंजतो, तापतो, पण भार पडला की आधी वाकतो, आवाज करतो, म्हणजे इशारा देतो. खरी उलथापालथ केली ती तिसऱ्या वस्तूने. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हाचेक याने सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू एकत्र करून पातळ तक्ते काढण्याची रीत शोधली. भारतात आजच्या मध्य प्रदेशातल्या कैमोरला १९३४ मध्ये त्याचा कारखाना निघाला. न गंजणारे, न जळणारे, स्वस्त छप्पर. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून औद्योगिक वसाहती उभ्या राहू लागल्या, आणि लोखंडी कैच्यांवर करड्या पत्र्यांची शेड हे कारखान्याचे चित्रच होऊन बसले. अ‍ॅस्बेस्टॉस म्हटले की आपल्याला फुप्फुसाचा रोग आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण हा पत्रा माणसाला दुसऱ्याही रीतीने मारतो, एका क्षणात.

त्या क्षणाचे गणित पाहण्यासारखे आहे. सहा मिलिमीटर जाडीच्या या पत्र्याखाली पर्लिन म्हणजे आडव्या तुळया १.४ मीटरपर्यंत अंतरावर ठेवायला चालतात, असे आपल्याकडचे बांधणीचे मानक सांगते. कौलाखाली फूटभर असलेली फट इथे साडेचार फुटांची झाली. पत्रा मोडला तर अडकायला मधे काही नाही, माणूस सरळ खालच्या यंत्रावर किंवा फरशीवर. शिवाय सांगाडा झाकलेला. वरून दिसतात त्या फक्त बोल्टच्या टोप्यांच्या ओळी. पत्रा जुना झाला की त्यावर शेवाळ धरते, ओल मुरते, हूक-बोल्टच्या भोकापासून बारीक तडे जातात, आणि वरून तो नव्याइतकाच भक्कम दिसतो. तो वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटतो. त्याहून घातक म्हणजे उजेडासाठी मधे मधे बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे. नवे असताना ते चटकन ओळखू येतात. चार-पाच उन्हाळे गेले, धूळ आणि काजळी बसली की त्यांचा रंग शेजारच्या पत्र्यासारखा होतो, नाली तर तीच असते. आपल्या भाषेनेही इथे घात केला आहे. लोक याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. सिमेंट म्हटले की स्लॅब डोळ्यांपुढे येतो, पत्रा म्हटले की लोखंड. वस्तू यांपैकी एकही नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने उंचीचा विचार केला. त्याच्या कलम ३२ चे २०२५ पर्यंत लागू असलेले रूप असे होते की पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर कोणाला काम करावे लागत असेल तर कुंपण घालून किंवा अन्य रीतीने, व्यवहार्य असेल तितपत, त्याच्या सुरक्षेची तजवीज करावी. राज्यांच्या नियमांत ठिसूळ छपरासाठी वेगळी तरतूद आली: भक्कम आधार दिलेल्या शिड्या किंवा फळ्या टाकल्याशिवाय आणि जबाबदार माणसाने त्या-त्या वेळी लेखी परवाना दिल्याशिवाय कोणाला अशा छपरावर पाठवू नये. नियम नेमका आहे, त्याला नावे ठेवायला जागा नाही. अडचण कुठे येते? पत्रे बदलायला येणारी टोळी बहुधा ठेकेदाराची. १९७६ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही कारखान्याचा कामगार ठरला. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत तिरक्या छपरावरच्या कामाचे प्रकरण आले. पण जिथे कारखाने कायदा लागू होता ते काम या बांधकाम कायद्याने बाहेर ठेवले. कारखाना उभारणारे मजूर कोणत्या कायद्यात बसतात, हे ठरवायला २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. उत्पादन सुरू होण्याआधीचे बांधकाम मजूर बांधकाम कायद्याखालीच येतात, असा तो निकाल. मग चालू कारखान्याच्या छपरावर दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला वरची फळी कोणी द्यायची? कायद्याने कारखान्याच्या भोगवटादाराने. प्रत्यक्षात भोगवटादार ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादम त्या माणसाला सांगतो, जपून चाल.

‘जपून चाल’ म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. पत्र्यावर चालायचे तर बोल्टच्या रेषेवर पाय टाक, खाली पर्लिन असते, असा जुन्या कारागिरांचा सल्ला असतो. हा सल्ला म्हणजे वाशावर पाय ठेवण्याच्या ज्ञानाचा उरलेला अंश आहे. जुनी माणसे आयुष्यभर असेच चालली आणि पडली नाहीत, असे यावर सांगितले जाते. जी पडली ती सांगायला राहिली नाहीत, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. पर्लिनची रुंदी तीन-चार इंच. हातात तीन मीटर लांबीचा पत्रा, वर वारा, खाली शेवाळ, आणि त्या तीन इंचांवरून दिवसभर एकही पाऊल चुकायचे नाही. डोंबाऱ्याच्या दोरीवरची ही कसरत आहे, तिला खबरदारी म्हणता येणार नाही. माणसाच्या हातून दिवसात एखादी चूक होणारच, हे गृहीत धरून जी व्यवस्था उभी राहते तीच व्यवस्था.

सेफ्टी बेल्ट दिला तरी ही माणसे घालत नाहीत, हा कारखानदारांचा आक्षेप. तो खोटा नाही. पण बेल्टचा हूक अडकवायचा कुठे, हे आधी सांगितले पाहिजे. पत्र्याच्या छपरावर अडकवायला काहीच नसते. हूक मग पन्हळीच्या पाइपाला किंवा पत्र्याच्याच बोल्टला लावला जातो, आणि तो माणसाचा झटका पेलत नाही. हार्नेसचा हिशेब तर कागदावर मांडून बघावा. दोर २ मीटर, झटका शोषणारा पट्टा उघडला की आणखी पावणेदोन मीटर, पाठीवरच्या कडीखाली दीड मीटर शरीर, वर मीटरभर राखीव. पायाशी हूक अडकवला असेल तर खाली ६ मीटरहून जास्त मोकळी जागा हवी. लहान शेडची वळचण ५-६ मीटरवर असते आणि खाली यंत्रे उभी असतात. तिथे हा बेल्ट अंगात घातला तरी तो पुरता थांबवण्याआधीच माणूस खाली आदळू शकतो. छपराला कायमच्या तारा, मजबूत कड्या आणि आखूड दोर असतील तरच बेल्टला अर्थ. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांनी म्हणूनच क्रम लावून दिला: वर जाणे टाळता येत असेल तर टाळा, टळत नसेल तर पडूच नये अशी सोय करा, आणि तेही जमत नसेल तेव्हाच पडणाऱ्याला झेला. आपण उलट टोकापासून सुरुवात करतो.

खर्चाचा आक्षेप सगळ्यांत जोरात मांडला जातो. दोन तासांच्या गळतीसाठी जाळ्या, फळ्या, कठडे कोण उभे करणार? कायद्यातला ‘व्यवहार्य असेल तितपत’ हा शब्दप्रयोग मग ढालीसारखा वापरला जातो. त्याचा अर्थ ज्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेत घडला, तिथे १९४९ मध्येच एडवर्ड्स विरुद्ध राष्ट्रीय कोळसा मंडळ या खटल्यात अपील न्यायालयाने तो स्पष्ट केला होता. एका पारड्यात धोका, दुसऱ्यात खर्च, वेळ, त्रास. आणि धोक्याच्या मानाने खर्च अवाच्या सवा असेल तरच मालकाची सुटका. एका जिवासमोर चार फळ्या आणि फायबरच्या पत्र्याखाली तारेची जाळी, हे पारडे कुठल्या बाजूला झुकते हे सांगायला न्यायाधीश लागत नाही. शिवाय छपरावरचे काम दोन तासांचे कधीच नसते. पन्हळ दर वर्षी तुंबते, पत्रा दर वर्षी गळतो. शाकारणी वार्षिक आहे, तर तिची वाटही कायमची हवी: पिंजरा असलेली शिडी, पन्हळीच्या कडेने कठडा, छपरावर चालायची जाळीदार पट्टी.

आता रंगीत लोखंडी पत्रे आले, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटेल, असेही म्हणतात. अंशतः खरे आहे. पण जुना पत्रा काढायला माणूस त्याच जुन्या पत्र्यावर चढणार, आणि नव्या छपरातही उजेडाचे पारदर्शक पत्रे असतातच. त्यात छपरांवर सौर पॅनेल आले. ते धुवायला वर्षातून एकदा नव्हे, अनेकदा माणूस वर जातो. छप्पर ही कामाची जागा आहे, हे गिरणीच्या काळात झाकून ठेवता आले. आता येणार नाही.

मृगाला अजून अवकाश असतो तेव्हाच कारखान्यांत पत्रेवाल्यांना बोलावणे जाते. बोलावणाऱ्यांना एवढीच विनंती: माणूस वर चढण्याआधी खाली उभे राहून छपराकडे पाहा, उजेडाचे पत्रे मोजा, प्रत्येकाखाली जाळी बसवून घ्या, वर फळ्या पोचल्या का ते स्वतः बघा, आणि मगच परवान्यावर सही करा.