संगमनेरी शेळी, दख्खनी मेंढी आणि आपला चराईचा धंदा

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी आपल्या संस्थेच्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात आले ते चौंडी आणि होळकरांचे घराणे. परंतु त्या विषयावर आपल्या पूर्वीच्या अंकांतून अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. शिवाय थोरांच्या चरित्रापुढे घरच्या धंद्याचा इतिहास झाकला जातो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मी राजवाडा सोडून मेंढवाड्याकडे वळतो.

त्याला एक निमित्तही घडले. पुण्यास धाकट्या मुलाकडे गेलो असता सूनबाईंनी एका मोठ्या दुकानातून आणलेले मांसाचे पाकीट मला दाखविले. त्यावर ‘सेंद्रिय’ आणि ‘केवळ चराईवर वाढविलेले’ अशी अक्षरे होती व भाव नेहमीच्या दुकानापेक्षा बराच चढा होता. “मामंजी, आपले आजोबा तर हेच करीत होते ना?” असे सूनबाई म्हणाल्या. प्रश्न सरळ होता. पण त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

संगमनेर हे नाव दोन जनावरांस लाभले आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेच्या नोंदणीत ‘संगमनेरी’ ही शेळीची स्वतंत्र जात आहे. ती बहुधा पांढरी, क्वचित काळी वा तांबूस ठिपक्यांची, आखूड राठ केसांची, आणि दूध व मांस या दोहोंसाठी पाळली जाणारी. नगर, नाशिक, पुणे व सोलापूर या जिल्ह्यांत तिचा प्रसार आहे. त्याचप्रमाणे दख्खनी मेंढीचे जे पोटप्रकार अभ्यासकांनी सांगितले आहेत, त्यांत लोणंद, सांगोला व कोल्हापूर यांच्याबरोबर संगमनेरीचाही उल्लेख येतो. 1968 साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या दोन्ही जनावरांवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. एका तालुक्याच्या गावास असा मान मिळावा, यात आपल्या निरक्षर पूर्वजांच्या निवडीचा वाटा आहे. कोणता बोकड ठेवावा आणि कोणता विकावा, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या ठरविले.

मूळ व्यवस्था कशी होती, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण नव्या पिढीने ती पाहिलेली नाही. प्रवरेच्या काठची काळी जमीन कुणब्याची, आणि साकूर-घारगावचे पठार, बाळेश्वराचे डोंगर व तळेगाव दिघ्याकडचा कोरडा माळ हा चराईचा. पावसाळ्यात मेंढरे माळावर मारवेल व पवन्या गवतावर राहत. दिवाळी सरली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा निघे. आमचा वाडा माळशेज घाट उतरून मुरबाडच्या भातखाचरांपर्यंत जाई व मृगापूर्वी परते. वाटेत ज्याच्या वावरात रात्री मेंढरे बसत, तो शेतकरी धान्य देई. पुढे पैसे देऊ लागला. लेंडीबरोबर मूत्रही जागच्या जागी जमिनीत मुरते, हा या खताचा विशेष. शेणखताप्रमाणे त्याचा कस वाऱ्याउन्हाने उडून जात नाही. मेंढरांस धाटे-पाला मिळे, वावरास खत मिळे आणि मेंढक्यास दाणे मिळत. कळपात चार शेळ्या ठेवीत त्या लेकरांच्या दुधासाठी. कागद कोठेही नव्हता, परंतु करार पक्का असे. डॉ. गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने आपले आयुष्य या वाड्यांमागे हिंडण्यात व आपल्या ओव्या टिपून घेण्यात घालविले (ते 1992 साली निवर्तले), ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरली पाहिजे.

या व्यवस्थेस पहिला मोठा धक्का 1878 साली बसला, असे माझे मत आहे. त्या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन नगर जिल्हा मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. आणि इंग्रज सरकारचा नवा वन कायदा झाला, त्यामुळे राखीव जंगलांत चराई बंद होऊ लागली. शेळीस तर जंगलाची वैरीणच ठरविले गेले. म्हणजे बाजार जवळ आला तेव्हाच रान दूर गेले. संगमनेरास लोहमार्ग आजतागायत नाही. आपली जनावरे पायी अथवा पुढे मालमोटारीतून, दलालाच्या हातानेच गेली. आणि तिकडे न्यूझीलंडमध्ये? 1882 साली ‘डनेडिन’ नावाच्या जहाजातून तेथील गोठविलेले मटण लंडनास पोहोचले. तेही गवतावरच वाढलेल्या मेंढ्यांचे होते. पुढे त्या देशाने वजन व प्रत ठरवून मांस विकण्याची रीत पाडली आणि आपल्या गवताचेच नाव केले. गवत आपल्याकडेही होते, पण त्याचे नाव करणारे कोणी नव्हते.

लोकरीची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती दुःखदायक आहे. काळी जाडीभरडी लोकर, चिंचोक्याची खळ, आणि खुटेकर व सणगर बांधवांचा माग, यांतून घोंगडी होई. महायुद्धांत लष्कराच्या कांबळ्यांसाठी अशा लोकरीस मागणी आली. स्वातंत्र्यानंतर लोकर मऊ व्हावी म्हणून मेरिनो व रॅम्बुले या परदेशी नरांशी संकर करण्याचे प्रयोग झाले. ते नाजूक जनावर आपल्या वाटचालीस कितपत टिकणार होते? पुढे मांसाचा भाव वाढत गेला, कृत्रिम धाग्यांची स्वस्त कांबळी आली, आणि आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या दीडशे मेंढरांपैकी चाळीस उरली. आई दुष्काळी कामावर खडी फोडी. मी सुकडी खाऊन शाळेत जाई. त्या वर्षी वडिलांनी चौदा नर एका व्यापाऱ्यास विकले. व्यापाऱ्याने प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरविला आणि एक आकडा सांगितला. वडिलांनी तो मान्य केला, कारण दुसरा आकडा त्यांच्यापाशी नव्हता. मला तेव्हा त्रैराशिक येत होते. पण वजनच माहीत नसता त्रैराशिक कशाचे मांडणार?

याच्या उलट दुधाचे पाहा. त्या दशकापासून संगमनेर तालुक्यात संकरित गाई व सहकारी दूध संघ वाढले. गावोगाव संकलन केंद्रे झाली. लिटर मोजले गेले, फॅट मोजला गेला, ठराविक दिवसांनी पैसे हाती पडू लागले. त्या मोजमापाने तालुक्याचा संसार पालटला, हे कबूल केले पाहिजे. परंतु ते माप बोकडापर्यंत आले नाही. राज्य शासनाचे शेळी-मेंढी विकास महामंडळ आहे, त्याचे काम आपल्या परीने चालते. तरी बाजारात आजही व्यवहार नजरेवरच होतो.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येतो. आपला माल सेंद्रिय आहे काय? सभांतून आपण छातीठोकपणे ‘होय’ म्हणतो. मी मास्तर असल्यामुळे पुरावा मागतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 पासून चालू आहे. पुढे त्यात जनावरांसाठीही नियम आले. चारा सेंद्रिय जमिनीचा असावा, जनावरास औषध दिल्यास ठरलेल्या मुदतीपर्यंत ते विकू नये, आणि प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद असावी, हे त्यांतील सार. आपला कळप माळावर चरतो, हे खरे. पण उन्हाळ्यात तो टोमॅटोच्या व कांद्याच्या मोकळ्या वावरात उतरतो, आणि त्या वावरात कोणते औषध फवारले गेले, हे आपणास कोण सांगतो? अशा पाल्याने मेंढरे मेल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जंताचे औषध आपणही देतो; तारीख मात्र लिहीत नाही. तेव्हा जुना धंदा सेंद्रिय होता, आजचा अर्धाच आहे, असे माझे उत्तर आहे. काही बांधवांस ते रुचणार नाही.

रानाचेही तसेच. गायराने बांधकामांनी व अतिक्रमणांनी आटली. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 2011 सालचा आहे. कागदावर तो आपल्या बाजूचा आहे. निळवंड्याच्या कालव्यांतून 2023 साली पाणी सुटले आणि तळेगावकडच्या कोरड्या माळास हिरवळ येऊ लागली. शेतकरी बांधवांच्या चार पिढ्यांची आस पुरी झाली, याचा आनंदच आहे. पण ज्या माळावर आपली मेंढरे पावसाळा काढीत, तेथेही आता वर्षभर पिके उभी राहतील. मोठा प्रश्न येथे आहे. पाकिटावरच्या अक्षरांचा नव्हे. चराईच राहिली नाही, तर ‘चराईवर वाढविलेले’ हे शब्द कोण लिहिणार? संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ राने व पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले; आपल्या ग्रामसभांत त्याची चर्चा झाल्याचे मी ऐकले नाही.

सरकारी योजनेत एक सोपी वाटही आहे. तिला सहभागी हमी पद्धत म्हणतात. मोठ्या तपासनीस संस्थेची फी न भरता, निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची पाहणी करून हमी देतो. फिरत्या वाड्यास ती अवघड आहे. परंतु पठारावर घर करून राहणाऱ्या शेळीपालकांस शक्य दिसते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने बाभळीच्या फांदीस टांगण्याचा काटा बांधला. विक्रीपूर्वी प्रत्येक बोकड झोळीत घालून तोलतो. पहिल्याच खेपेस व्यापाऱ्याने अठरा किलोचा म्हटलेला बोकड तेवीस भरला. व्यापारी रागावून निघून गेला व आठ दिवसांनी परत आला. पुतण्याची बायको दहावी शिकलेली आहे. जन्म, वजन, औषध, आणि कोणाच्या वावरात चारले, असे चार रकाने आखून ती वही लिहिते. त्या वहीची एक प्रत मी संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. रकाने कसे आखावेत हे ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी रविवारी सकाळी यावे. मी तेथे असतो.