रणभूमीवरील अवशेषांची साक्ष : सँक्च्युअरी वुड येथील खासगी संग्रहालय

युद्धाचा इतिहास लिहिताना सरकारी कागदपत्रे, सेनानींची आत्मवृत्ते आणि पलटणींच्या रोजनिशा ही साधने प्रमुख मानली जातात. प्रत्यक्ष रणभूमीत सापडलेल्या वस्तूंकडे मात्र पुष्कळदा केवळ कुतूहलाने पाहिले जाते. अशा वस्तूंना पुराव्याची योग्यता केव्हा प्राप्त होते, हा प्रश्न बेल्जियममधील ईप्र शहराच्या पूर्वेस, काही किलोमीटरांवर असलेल्या एका छोट्या खासगी संग्रहालयाच्या निमित्ताने विचारात घेण्याजोगा आहे.

1914 च्या शरद ऋतूत ईप्रची पहिली लढाई चालू असता आपल्या पलटणींपासून तुटलेले ब्रिटिश सैनिक येथील रानात आसऱ्यास येत. त्यांना तूर्त तेथेच राहू द्यावे, असे ब्रिगेडियर-जनरल बल्फिन यांनी ठरविले. त्यावरून रानास ‘सँक्च्युअरी वुड’, म्हणजे आश्रयाचे रान, असे नाव पडले. पुढे आघाडीची रेषाच या रानातून गेली आणि आश्रय नाहीसा झाला. नाव तेवढे उरले. नकाशावरील उंचीवरून ‘62 क्रमांकाची टेकडी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या लगतच्या चढावासाठी 2 ते 13 जून 1916 या काळात जर्मन व कॅनेडियन सैन्यांत निकराची झुंज झाली.

युद्धानंतर परतलेल्या शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी खंदक बुजवून जमीन पुन्हा नांगराखाली आणली. येथील जमीनमालकाने मात्र आपल्या रानातील काही खंदक तसेच राखले व सापडलेल्या वस्तू जमवून ठेविल्या. त्याच कुटुंबाने पुढे हे संग्रहालय चालविले. गंजलेल्या बंदुका, तोफगोळ्यांची कवचे, भोके पडलेली शिरस्त्राणे, बाटल्या यांची येथे दाटी आहे. लाकडी पेट्यांतील जोडभिंगांतून पाहिली असता काचेवरील युद्धकालीन छायाचित्रे खोलीसह उठून दिसतात. मागील बाजूस खंदक आहेत. मातीचा खंदक डागडुजीवाचून शंभर वर्षे टिकणे शक्य नाही. त्यामुळे त्यात मूळचे किती व मागाहूनचे किती, हा वाद स्वाभाविक आहे.

तथापि खरी अडचण याहून वेगळी आहे. रानाचे नाव केव्हा व कशामुळे पडले, हे सांगता येते. म्हणून ते नावच एक ऐतिहासिक साधन ठरते. जे शिरस्त्राण कोणत्या जागी, किती खोलीवर आणि कशाच्या सान्निध्यात मिळाले याची नोंद नाही, ते ‘असे शिरस्त्राण वापरात होते’ यापलीकडे फारसे काही सांगू शकत नाही. राजवाड्यांनी घरोघर हिंडून जमविलेल्या कागदांमुळे मराठ्यांच्या इतिहासाला आधार मिळाला, हे खरे. परंतु दप्तरातून सुटलेल्या, मित्ती नसलेल्या एकट्या कागदाचे मोल किती उतरते, हेही मराठी अभ्यासकास ठाऊक आहे.

रणभूमीवर ही हानी केवळ विद्येची राहत नाही. 1916 च्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात एकच ओळखबिल्ला असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी तो काढून घेतला म्हणजे मागे राहिलेला देह बेनाव होई. त्या वर्षीच्या सप्टेंबरात दोन बिल्ल्यांची पद्धत सुरू झाली : एक नोंदीसाठी काढावयाचा, दुसरा देहापाशी राहू द्यावयाचा. युद्धानंतर प्रेते उकरून एकत्र पुरताना क्रमांक कोरलेला चमचा वा पलटणीचे पितळी चिन्ह यांवरूनही काहींची ओळख पटली. देहापासून दूर झालेला तोच चमचा मात्र कोणाचेही नाव परत आणू शकत नाही.

संग्रहालयानजीकच्या दफनभूमीत सुमारे दोन हजार सैनिकांच्या कबरी व स्मृतिशिला आहेत. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश अनामिकांच्या आहेत. 24 जुलै 1927 रोजी उद्घाटन झालेल्या ईप्रच्या मेनिन गेटवर ज्यांची कबर ज्ञात नाही अशा 54,000 हून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांत चारशेहून अधिक नावे हिंदी सैन्यातील आहेत. एकीकडे देहावाचून नावे आणि दुसरीकडे नावावाचून देह, अशी ही स्थिती आहे.

यास्तव खासगी संग्राहकास सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही. इतरत्र जे बुजविले गेले, ते त्याने राखले. सरकारी नजरेस क्षुद्र वाटणारी साध्या शिपायाची बाटली व चमचा यांना त्याने जागा दिली. परंतु फ्लँडर्सच्या शेतांतून आजही दरवर्षी शेकडो तोफगोळे वर येतात. रस्ते व घरे बांधताना सैनिकांचे सांगाडेही मिळतात. अशा वेळी वस्तू उचलण्याआधी तिची जागा टिपून ठेवणे हे पहिले कर्तव्य होय. कपाटात ठेवलेली वस्तू पुढेही साफ करता येते. एकदा मोडलेला तिचा मातीशी व देहाशी असलेला संबंध मात्र पुन्हा जोडता येत नाही, आणि एखाद्या अनामिक सैनिकाचे नाव नेमके त्या संबंधातच दडलेले असू शकते.