कोयत्याचा हंगाम आणि खो-खोचा हंगाम

तलवाड्याहून, त्वरिता देवीच्या पायथ्याच्या गावातून, आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आपल्या बीड जिल्ह्यात ‘हंगाम’ म्हटलं की कशाचा, असं कुणी विचारत नाही. हंगाम उसाचा. मुकादमाची उचल घेतली, दसरा-दिवाळी झाली, की कोयता निघाला. तो परत येतो फाल्गुन-चैत्रात. पण गावात आणखी एक हंगाम असतो, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. तो शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या खेळाचा. आधी तालुक्याच्या स्पर्धा, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मुलींचा संघ पुढं सरकायला लागतो, नेमक्या त्याच दिवसांत घरांना कुलपं लागतात. हे दोन हंगाम एकमेकांवर आदळतात, आणि माघार कोण घेतं ते तुम्हाला सांगायला नको.

आज आम्ही खेळाच्या हंगामाचा इतिहास सांगणार आहोत. तो आपल्याच जिल्ह्याच्या एका मुलीपर्यंत येतो.

१४ जानेवारी २०२५. संक्रांतीचा दिवस. हळदी-कुंकवाला जमलो होतो. तिळगूळ वाटून झाला आणि कुणाच्या तरी मुलीनं मोबाईल मधोमध ठेवला. दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक सुरू झाला होता आणि आपल्या महिला संघाचा पहिला सामना दक्षिण कोरियाशी होता. भारताचे गुण झाले १७५, समोरच्यांचे १८. गटातल्या एका मावशींनी विचारलं, “ती पुढारीण कुठली गं?” मुलगी म्हणाली, “आपल्याच जिल्ह्याची. केज तालुक्यातली.” मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मी बी पळायचे. सातवीपातूर.” आम्ही इतकी वर्षं एका सतरंजीवर बसतो, पण मावशी पळायच्या हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ती कर्णधार म्हणजे प्रियंका इंगळे. गाव कळंबअंबा, तालुका केज. तिचं घर पुण्याकडे राहायला गेलं आणि खेळाडू म्हणून ती तिकडेच घडली. मुख्य प्रशिक्षक होते सुमित भाटिया. या संघापुढचा प्रश्न सोपा नव्हता. खो-खो हा एकटीचा खेळ नाही. रांगेत बसलेल्यांची तोंडं एकीआड एक उलट दिशांना. मागून पाठीवर थाप पडते, “खो” ऐकू येतो, की उठायचं आणि पळायचं. जिनं खो दिला ती तुझ्या जागी बसते. आपापल्या राज्यांकडून एकमेकींविरुद्ध खेळलेल्या मुली थोड्या दिवसांत एका रांगेत बसवायच्या आणि मागून खो कधी येईल हा भरवसा त्यांच्यात तयार करायचा, हे प्रशिक्षकाचं खरं काम. आपल्या शेजारच्या धाराशिवची अश्विनी शिंदे त्या संघात होती, आणि कर्नाटकाची चैत्रा बी. सुद्धा.

१९ जानेवारीला अंतिम सामना झाला, नेपाळशी. पहिल्या पाळीत आपल्या मुलींनी ३४ गुण घेतले. नेपाळच्या मुलींनी पुढच्या पाळीत २४ गुण वसूल केले. तिसऱ्या पाळीनंतर आपले ७३ झाले. शेवटच्या पाळीत आपल्याला पळायचं होतं. तीन मिनिटांच्या वर टिकलं तर पळणाऱ्यांनाही गुण मिळतात. चैत्राची तुकडी पाच मिनिटांहून जास्त टिकली. निकाल ७८ विरुद्ध ४०. २३ देशांच्या या स्पर्धेत महिलांचा पहिला विश्वचषक भारताचा झाला, आणि तो उचलला आपल्या जिल्ह्याच्या लेकीनं.

आता थोडं मागं जाऊ. खो-खो आपल्या मातीतला खेळ, पण त्याला लिखित नियम मिळायला विसावं शतक उजाडलं. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम ठरवायला समिती नेमली. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं तिथं आपले देशी खेळ करून दाखवले, त्यात खो-खो होता. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला महिलांची स्पर्धा सुरू झाली. म्हणजे खेळाच्या कागदावर बायका फक्त एक वर्ष मागं होत्या. गावात मात्र त्या कितीतरी वर्षं मागं राहिल्या. खेळायला पैसा लागत नव्हता. ना बॅट, ना बूट, ना जाळी. दोन खांब आणि मोकळी जागा असली की झालं. तरी मुली सातवी-आठवीपाशी थांबायच्या. अडचण साहित्याची नव्हती.

तुम्ही म्हणाल, प्रियंकाचं घर पुण्याला गेलं म्हणून तिला मैदान मिळालं, आपल्याकडे राहून काय होणार? आम्हालाही आधी असंच वाटलं होतं. म्हणून धाराशिवच्या सारिका काळे यांची गोष्ट सांगतो.

सारिका पुण्या-मुंबईला वाढल्या नाहीत. तेव्हाच्या उस्मानाबादेतच, तेराव्या वर्षी त्यांनी खो-खो खेळायला सुरुवात केली. वडिलांना शरीराच्या अडचणीमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई घरी शिवणकाम करायची, घर चालायचं आजी-आजोबांच्या आधारावर. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच वेळचं जेवण मिळायचं, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्या, तरच वेगळं काही खायला मिळायचं.

२०१६ मध्ये त्या घरच्या तंगीनं इतक्या खचल्या की खेळ सोडते म्हणाल्या. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी त्यांना तसंच जाऊ दिलं नाही. बोलले, समजावलं, आणि सारिका मैदानावर परतल्या. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई खेळांत त्या भारताच्या कर्णधार होत्या आणि संघानं सुवर्णपदक जिंकलं. पुढं त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार २२ वर्षांनी मिळत होता, आणि तो मराठवाड्यात राहून खेळलेल्या मुलीला मिळाला.

मैत्रिणींनो, सराव, डावपेच, शिट्टी हे सगळं लागतंच. पण या गोष्टीतला निर्णायक दिवस सरावाचा नव्हता. पोरगी मैदानावर यायची बंद झाली आणि कुणीतरी तिची चौकशी केली, तो दिवस निर्णायक होता.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. पार अमेरिकेतली एक गोष्ट बचत गटाच्या बायांना आवडेल. तिथं पेनसिल्व्हेनिया राज्यात इमॅक्युलाटा नावाचं लहानसं मुलींचं कॉलेज होतं, नन चालवायच्या. १९७० साली त्यांच्या बास्केटबॉल संघाला नवी प्रशिक्षक मिळाली, कॅथी रश. वय २२, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. सबंध हंगामाचा पगार ४५० डॉलर. कॉलेजची खेळाची इमारत आधीच जळून गेली होती, मुली लोकरीचे जाड झगे घालून खेळायच्या. त्या वेळी बायकांनी फार जोरात खेळू नये असं मानायचे. रशनं मुलींना पुरुषांच्या संघासारखाच कसून सराव दिला.

१९७२ मध्ये हा संघ राष्ट्रीय स्पर्धेला निवडला गेला, पण दूर इलिनॉयला जायला पैसे नव्हते. मुलींनी दारोदार टूथब्रश विकले. तरी आठच जणींच्या तिकिटापुरते पैसे जमले. आठ जणी गेल्या. एकीच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यांनी दिलेल्या बादल्या बडवून नन या संघाच्या नावानं ओरडायच्या. अंतिम सामना पडला वेस्ट चेस्टरशी, रश स्वतः शिकली त्याच कॉलेजशी. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी या मुलींना ३२ गुणांनी हरवलं होतं. या वेळी इमॅक्युलाटा जिंकली, ५२-४८. आणि पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांचंच राहिलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. १९७२ मध्येच तिथं कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही. मग मोठमोठी विद्यापीठं मुलींना शिष्यवृत्ती देऊ लागली आणि लहान कॉलेज मागं पडलं. आता तिथल्या मुलींनी काय कमावलं म्हणायचं? त्यातल्या काही जणी स्वतःच प्रशिक्षक झाल्या. टेरेसा शँक १९९२ मध्ये अमेरिकेच्या महिला ऑलिंपिक संघाची प्रशिक्षक होती. संघाचा मान पुढं दुसरीकडे गेला, पण जिला एकदा कुणीतरी मैदानावर धरून ठेवलं होतं, तिनं पुढं दुसरींना धरून ठेवलं.

आता आमची चूक सांगतो. इतरांच्या गोष्टी सांगायच्या आणि आपली झाकायची, हे बरं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी खो-खोत फार चपळ होती. खांबापाशी असा चकवा द्यायची की पाठलाग करणारी सरळ पुढं निघून जायची. संघ जिल्ह्याला जायचा होता. दिवाळी झाली आणि आईबापासोबत तीही कारखान्याकडे गेली. धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. संघ एक मुलगी कमी घेऊन गेला आणि हरून आला. चैत्रात ती परतली. शाळेत आली, पण मैदानावर आली नाही. पुढच्या वर्षी शाळेतही आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तिच्या लग्नात जेवलो.

ताईंना आम्ही दोष देत नाही. उचल घेतली की माणूस बांधला जातो, आणि जोडीनं गेल्याशिवाय कोयता पुरा होत नाही. दोष आमचा आहे. गटातल्या एखादीचा हप्ता चुकला, तर आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्या दारात असतो. मुलगी मैदानावरून चुकली, तर वर्ष गेलं तरी आम्ही विचारलं नाही.

त्या संक्रांतीनंतरच्या बैठकीत मावशींनीच विषय काढला. “हप्त्याला जाता, तसं पोरीला बी जावा,” म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत एक पान वाढलंय. त्यावर खेळणाऱ्या मुलींची नावं आहेत. एखादी सलग चार दिवस आली नाही, तर दोघींनी तिच्या घरी जायचं. भांडायला नाही, विचारायला. उशिरा हप्ता भरणाऱ्यांकडून जो दंड जमतो, तो स्पर्धेच्या गाडीभाड्याला ठेवायचा. आणि दसऱ्याच्या आधी, उचल ठरायच्या वेळेलाच, आईबापांशी बोलायचं: पोरगी आजीजवळ राहू शकते का? हंगामी वसतिगृहात तिची सोय होईल का? ऐन निघायच्या दिवशी बोलून उपयोग नसतो, तोवर गाडी भरलेली असते.

पहिल्या वर्षी आम्ही तीन घरांत गेलो. दोघी मागं राहिल्या, एक गेली. जी गेली तिचं नाव आम्ही पानावरून खोडलं नाही. ती परतली की पहिल्याच आठवड्यात तिच्या दारात जायचं, असं ठरलंय, आणि हे काम मावशींनी स्वतःकडे घेतलंय.

या मुलींतून आणखी एखादी प्रियंका निघेल, असं आम्ही म्हणत नाही. निघाली तर पेढे वाटू. पण साठीला पोचलेल्या बाईनं हळदी-कुंकवाला हळूच सांगावं, “मी बी पळायचे”, आणि ते ऐकून सगळ्यांना नवल वाटावं, अशी वेळ तरी या मुलींवर येऊ नये.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत तुम्हीही एक प्रश्न घ्या: आपल्या गावातली कोणती मुलगी मैदानावर यायची थांबलीय, आणि तिच्या घरी कोण जाणार? नाव लिहा, आणि जाणाऱ्या दोघींची सही घ्या. पुढच्या भेटीत आम्हाला सांगा. रामराम.