सर्व्हरवरचा 'पायथन' नेमका कोणता?

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर एकाच संगणकीय भाषेच्या दोन-तीन आवृत्त्या सुखेनैव नांदू शकतात. अडचण येते ती क्रमांक न सांगता नुसते नाव घेतल्यावर. अशा वेळी जी आवृत्ती पुढे येते, तिला 'डीफॉल्ट' म्हणतात. ती ठरविण्याचे काम भाषेच्या निर्मात्यांकडे नव्हे, तर रेड हॅट, डेबियन यांसारख्या वितरणांसाठी पॅकेज बांधणाऱ्यांकडे असते. हे काम किती नाजूक आहे, ते 'पायथन' या भाषेच्या इतिहासावरून कळते.

३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. जुन्या आवृत्त्यांशी तिने जाणूनबुजून फारकत घेतली होती. साताला दोनाने भागले असता पायथन २ मध्ये उत्तर ३ येई, पायथन ३ मध्ये ते ३.५ येते. युटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी जुनी आवृत्ती १५ सांगे, कारण ती बाइट मोजत असे. नवी आवृत्ती म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ युनिकोड चिन्हे मोजते. (मराठी माणूस तीनच अक्षरे मोजील, हा भाग निराळा!) चूक दाखवून थांबणारा प्रोग्रॅम निदान लक्षात येतो, न थांबता वेगळेच उत्तर देणारा अधिक घातक.

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ५, ६ व ७ या आवृत्त्यांमध्ये अनुक्रमे पायथन २.४, २.६ व २.७ डीफॉल्ट होते. तेथे पॅकेजे बसविणारे 'यम' हे साधन स्वतःच पायथनमध्ये लिहिलेले. एखाद्या संकेतस्थळासाठी नवे पायथन हवे म्हणून व्यवस्थापकाने मूळ आवृत्तीच बदलली, की यम बंद पडे आणि दुरुस्तीचा राजमार्गही त्यासोबत बंद होई.

ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने 'पायथन' म्हणजे पायथन ३ असे ठरविले. इतरांनी मात्र सबुरी धरली. २०११ मध्ये मांडल्या गेलेल्या 'पेप ३९४' या मार्गदर्शक टिपणानेही नुसत्या नावाचा अर्थ तूर्त पायथन २ असाच ठेवावा, अशी शिफारस केली. १ जानेवारी २०२० पासून पायथन २ चा अधिकृत आधार संपला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीने वेगळीच वाट काढली. प्रणालीच्या साधनांसाठी स्वतंत्र पायथन बाजूला ठेवले आणि 'पायथन' या नुसत्या नावाची आज्ञा मुळात दिलीच नाही. व्यवस्थापकाने तिचा अर्थ स्वतः ठरवावा. चुकीच्या तर्कापेक्षा नकार बरा, हा विचार त्या वेळी अनेकांना त्रासदायक वाटला, पण तो शहाणपणाचा होता.

नव्यात नवी आवृत्ती सरसकट का निवडत नाहीत? पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून सुमारे पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. रेड हॅट मात्र आपल्या प्रणालीला दहा वर्षे सांभाळते. शिवाय सी भाषेत लिहिलेली विस्तारके प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने बांधावी लागतात. म्हणूनच डेबियनमध्ये नवी आवृत्ती आधी जुनीच्या जोडीला आणली जाते, अवलंबून असलेली पॅकेजे तिच्यासह बांधून पाहिली जातात आणि मगच डीफॉल्टचा मान तिच्याकडे जातो. पायथन ३.६ चा मूळ आधार डिसेंबर २०२१ मध्ये संपला, तरी रेड हॅट ८ मध्ये तीच आवृत्ती दुरुस्त्या लावून चालविली जाते. त्यामुळे केवळ क्रमांक पाहून सर्व्हर असुरक्षित ठरविणारी तपासणी येथे हमखास फसते.

जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने पायथन ३.११ डीफॉल्ट ठेवताना आणखी एक कुंपण घातले. 'पिप' या साधनाने थेट प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवू पाहिल्यास ते नकार देते आणि त्यासाठी वेगळे आभासी वातावरण तयार करण्यास सांगते.