पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर ‘कृत्रिम अश्रू’ कशासाठी आणि कसे वापरावेत?

पडलेली पापणी वर उचलणे, आत वळलेली किंवा बाहेर लोंबणारी पापणी सरळ करणे, अपघातात फाटलेली पापणी शिवणे किंवा पापणीवरची गाठ काढणे या शस्त्रक्रियांनंतर रुग्णाच्या हातात औषधांची यादी येते. त्यात प्रतिजैविक मलमाबरोबर बहुधा वंगण देणारे थेंबही असतात. ‘हे तर नुसते पाणी’ असे म्हणून अनेक जण चार दिवसांत ते बंद करतात. पण टाके भरत असताना डोळ्याची राखण हेच थेंब करतात.

डोळा कोरडा का पडतो?

आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर नव्याने पसरतो. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि टाक्यांमुळे पापणी जड होते, उघडझाप अपुरी होते. पापणी वर उचलली असेल तर काही दिवस झोपेतही डोळा थोडा उघडा राहू शकतो. उघड्या भागावरचे अश्रू सुकतात. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळ होते, अंधुक दिसते. डोळ्यांतून पाणी वाहत असले तरी डोळा कोरडा असू शकतो, कारण कोरडेपणाच्या चुरचुरीनेही पाणी येते.

वालचंदनगर परिसरात काळजी अधिक का?

वालचंदनगर हे इंदापूर तालुक्यातले, साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. भोवताली उसाची शेती. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत धूळ आणि थंडीतला कोरडा वारा असतो. कोरड्या बुबुळाला उसाच्या पात्याचा ओरखडा गेला, तर बुरशीचा संसर्ग होऊन फूल पडू शकते आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते. म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत ऊसतोड, पाचट गोळा करणे आणि मळणी टाळावी. दुचाकीवर बंद चष्मा वापरावा.

कोणते थेंब, किती वेळा?

या थेंबांत कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असे घटक असतात. दिवसातून किती वेळा घालायचे ते डॉक्टर ठरवतात. चार-सहा वेळांपेक्षा जास्त लागत असतील तर परिरक्षक नसलेले थेंब विचारून घ्यावेत. परिरक्षकाने नाजूक डोळा चुरचुरतो. रात्री जेल किंवा मलम जास्त वेळ टिकते, पण दृष्टी काही वेळ धूसर होते. म्हणून ते झोपताना लावावे.

घालण्याची पद्धत

• आधी साबणाने हात धुवावेत.
• नेहमीसारखी खालची पापणी ओढू नये, टाक्यांवर ताण येतो. उताणे झोपून, डोळे मिटून, नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब टाकावा आणि मग हळूच डोळा उघडावा.
• बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये.
• दोन औषधांमध्ये ५ ते १० मिनिटांचे अंतर ठेवावे. मलम शेवटी लावावे.
• उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यावी. एकदाच वापरायच्या नळ्या साठवू नयेत. एकमेकांचे थेंब वापरू नयेत.

हे करू नये

गुलाबपाणी, मध, तूप किंवा एरंडेल डोळ्यात घालू नये. लाली घालवणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब दुकानातून स्वतःहून आणू नयेत. बुरशीच्या संसर्गात स्टेरॉइडने जखम अधिकच बिघडते. डोळे चोळू नयेत.

ताबडतोब दवाखाना गाठावा, जर...

डोळा बाहेर आल्यासारखा फुगला, असह्य वेदना सुरू झाल्या, दिसणे अचानक कमी झाले, रक्त थांबेना, पू आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना लगेच कळवावे; ते न भेटल्यास जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. डोळ्यामागे रक्त साठले असेल, तर एकेक तास मोलाचा असतो.

बहुतेकांचा कोरडेपणा काही आठवड्यांत ओसरतो. तोवर थेंब कधी बंद करायचे, हे डॉक्टरांनी डोळा तपासूनच ठरवावे.