राष्ट्राला धर्माचा पाया हवा काय?

राष्ट्राला एका धर्माचा पाया असावा, असे म्हणणाऱ्यांना माझा एक साधा प्रश्न आहे: त्या राष्ट्रात सेमाडोहचा कोरकू कुठे बसणार? मेळघाटात सिपना नदीच्या काठचे हे गाव. कोरकूंची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही, हिंदीशीही नाही. होळीच्या दिवसांत मेळघाटातले कोरकू मेघनादाला पुजतात. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासींच्या धर्माला वेगळा रकाना तरी होता. स्वातंत्र्यानंतर तोही गेला. जिथे माणसाचे स्थान धर्माने मोजायचे, तिथे रकाना नसलेला माणूस एक तर दुसऱ्याच्या नावावर मांडला जातो, नाही तर परका ठरतो.

घटना समितीपुढे या प्रश्नाची एक सौम्य बाजू आली होती. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामथ यांनी 17 ऑक्टोबर 1949 रोजी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी दुरुस्ती मांडली. कामथ कोणा एका धर्माचे राज्य मागत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तरीही 41 विरुद्ध 68 मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेचे कर्तेपण लोकांकडेच राहिले. त्या लोकांत देव मानणारा, न मानणारा आणि मेघनादाला पुजणारा, तिघेही आले.

सीमेपलीकडे निराळे घडत होते. 1946 साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठवण्यासाठी झटलेले जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. नमोशूद्र आणि मुसलमान शेतकरी, दोघेही सवर्ण जमीनदारांनी पिळलेले. ते एकत्र उभे राहतील, हा त्यांचा हिशेब होता. धर्माच्या राष्ट्राने तो हिशेब मोडला. ऑक्टोबर 1950 मध्ये पूर्व बंगालातील अत्याचारांचा पाढा वाचून त्यांनी राजीनामा दिला. पुढे 1971 मध्ये बांगलादेश वेगळा झाला. धर्म एक असूनही राष्ट्र एक राहिले नाही.

कोणी म्हणेल, ते परधर्माचे राज्य होते. मग नेपाळ पाहा. तिथे 1854 च्या मुलुकी ऐनाने जातींची उतरंड कायद्यातच लिहिली आणि अस्पृश्यांना तळाशी ठेवले. एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा! 1963 पर्यंत हा ऐन चालला. स्वधर्माचे राज्य तळातल्या माणसाचे राज्य असतेच, असे नाही.

आणि आपण? मी घरातला पहिला पदवीधर, आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्यासारख्यांच्या शिक्षणामागे आरक्षणाचा आधार आहे. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींना धर्माची अट घातली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांचा धर्म बदलला, गावकुसाबाहेरची वस्ती बदलली नाही. तरी बौद्धांचा त्या आदेशात समावेश व्हायला 1990 साल उजाडले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. अनुसूचित जमातींना ही अट नाही. आता मात्र धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा, अशी मागणी होते आहे. म्हणजे तोच दंडक मेळघाटापर्यंत न्यायचा!

निधर्मी राष्ट्र म्हणजे धर्माचा द्वेष नव्हे. माणसाला हक्क देताना त्याचा देव विचारायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशात हे काम अर्धे झाले आहे. उरलेले अर्धे आपले आहे.