ब्रेक मऊ पडणे (मोटारसायकल)

ब्रेक मऊ पडणे : मोटारसायकलचा ब्रेक लावताना हाताचा लिव्हर किंवा पायाचे पेडल ठरलेल्या जागी घट्ट न थांबता आत दबत जाणे. 'ब्रेक लूज झाला', 'लिव्हर मुठीला टेकतो' अशा शब्दांत गॅरेजवर जी तक्रार येते ती हीच. डिस्क ब्रेकमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे नळीत शिरलेली हवा. ड्रम ब्रेकमध्ये ताणलेली केबल किंवा झिजलेले शू. दोन्हींची दुरुस्ती घरी जमण्यासारखी आहे. फसगत होते ती दोष न ओळखता पाना हातात घेतल्याने.

डिस्क ब्रेक द्रवदाबावर चालतो. लिव्हर ओढला की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो आणि तो दाब कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यांपर्यंत पोहोचून पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. १२.७ मिमी व्यासाचा दट्ट्या १ मिमी सरकला की साधारण ०.१३ मिलि द्रव पुढे जातो. म्हणजे नळीत १ मिलि हवा अडकली असेल, तर ती दाबण्यातच दट्ट्याची सात-आठ मिमी चाल खर्च होते. लिव्हरच्या टोकाशी हेच अंतर कित्येक पट मोठे दिसते आणि लिव्हर मुठीला टेकायला तेवढे पुरते.

बाजारात 'ब्रेक ऑइल' म्हणून मिळणारा द्रव तेल नव्हे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल ईथरवर आधारलेले, हवेतले पाणी शोषणारे द्रव आहेत. डॉट ५ सिलिकोनचा असतो आणि तो यांच्यात मिसळत नाही. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५° से. आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ब्रेक सतत दाबून ठेवला की कॅलिपर तापतो, जुन्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि सपाट रस्त्यावर ठीक वाटणारा लिव्हर उतारावर एकाएकी पोकळ होतो.

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात या दोषाला पोषक सगळेच आहे. सिडकोच्या लहान भूखंडांवरची रो-हाऊस, माथाडी कामगारांच्या वसाहती, गल्लीत दुतर्फा उभ्या गाड्या. बहुतेक मोटारसायकली बारा महिने उघड्यावर असतात. पश्चिमेला ठाण्याची खाडी, वर दोन हजार मिमीहून अधिक पाऊस. ब्रेक ऑइलची डबी बंद असली तरी रबरी नळीतून आणि सीलमधून ओलावा हळूहळू झिरपतोच. शिवाय कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात आणि पॅड वाकडे झिजतात. रोजचा प्रवास महापे, पवने, तुर्भे अशा एमआयडीसीच्या पट्ट्यात, सिग्नलमागून सिग्नल, त्यामुळे दोष बरेच दिवस लपून राहतो. पारसिकच्या डोंगरातून शिळफाट्याकडे जाणाऱ्या चढउतारावर, अवजड ट्रकच्या मागे, तो उघडा पडतो. बहुतेक कंपन्या ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायला सांगतात. इथे ते पावसाळ्याच्या तोंडावर बदललेले बरे.

निदान लिव्हरवरूनच होते. चार-पाच वेळा झपझप दाबल्यावर लिव्हर कडक झाला, तर नळीत हवा आहे, किंवा वाकडी डिस्क वा सैल बेअरिंग पॅडना मागे ढकलते आहे. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली बसत गेला, तर मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. अशा वेळी हवा काढणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय. तापल्यावरच मऊ पडत असेल तर ऑइल जुने. लिव्हर घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, हा वेगळा आजार : पॅडना तेल लागले आहे किंवा पॅड चकचकीत झाले आहेत. डबीतली पातळी खाली गेली की वरून ऑइल ओतण्याची सवय वाईट. पॅड झिजले तरी पातळी उतरते. मग नवे पॅड बसवताना तेच ऑइल डबीबाहेर सांडते आणि टाकीचा रंग उडवते. सांडलेले ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

हवा काढण्यासाठी लागते ते थोडके : आठ किंवा दहाचा रिंग पाना, सलाइनची पारदर्शक नळी, रिकामी बाटली, फडकी आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे सीलबंद ऑइल. माळ्यावरची गेल्या वर्षीची अर्धी बाटली वापरू नये. गाडी मेन स्टँडवर घेऊन, डबी सपाट राहील असे हँडल वळवून झाकण उघडावे. झाकणाचे स्टार स्क्रू मऊ असतात. चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची खाच निघून जाणे हे घरगुती दुरुस्तीतले सगळ्यात नेहमीचे नुकसान. कॅलिपरवरच्या हवा काढण्याच्या निपलवर आधी पाना, मग नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. लिव्हर सावकाश तीन-चार वेळा दाबून धरावा, निपल पाव फेरा सैल करावे, लिव्हर मुठीपर्यंत जाऊ द्यावा, निपल आवळावे आणि मगच लिव्हर सोडावा. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली की निपलमधून हवा परत आत जाते. नळीत बुडबुडे येणे थांबेपर्यंत आणि चहाच्या रंगाचे ऑइल फिके होईपर्यंत हे चालू ठेवावे. मध्ये डबी एकदा जरी रिकामी झाली तरी सगळे पहिल्यापासून. निपल पोकळ असते, मनगटाच्या जोराने आवळले तरी पुरते.

एवढे करूनही मऊपणा उरला तर हवा बहुधा मास्टर सिलिंडरजवळच्या नळीच्या वळणात असते. लिव्हर अगदी थोडा-थोडा हलवला की तिथले बुडबुडे डबीत वर येतात. रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवण्याचा गॅरेजवाल्यांचा उपाय उरलेल्या बारीक हवेपुरता चालतो, गळतीवर नाही. नळी सोडवावी लागली तर जोडाचे तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर नवेच घालावेत.

ड्रम ब्रेकमध्ये ऑइल नसते, म्हणून हवेचा प्रश्नच नाही. लिव्हरला १०–२० मिमी आणि मागच्या पेडलला साधारण २०–३० मिमी मोकळी चाल ठेवून जुळवणीचा नट फिरवावा. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. केबलची एखादी तार तुटलेली दिसली तर ती ताणत बसू नये, बदलावी. झीज दाखवणारा काटा खुणेला लागला म्हणजे शू संपले. ड्रममधली भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

मोठ्या प्रमाणावर बनलेल्या मोटारसायकलींत द्रवदाबाची डिस्क होंडाच्या सीबी ७५० ने १९६९ मध्ये आणली. भारतात ती १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्यानंतर शहरी तरुणांच्या ओळखीची झाली. आज दुचाकींचे ब्रेक बनवणारे काही मोठे कारखाने चाकण आणि वाळूज इथे आहेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि १२५ सीसीपर्यंतच्यांना किमान सीबीएस (जोड ब्रेक) बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये एकाच लिव्हरवर दोन्ही चाकांचे ब्रेक लागत असल्याने एकीकडचाच नट फिरवून भागत नाही. एबीएसच्या गाडीत डबी रिकामी होऊ दिली नाही तर वरची पद्धत सहसा पुरते. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) हवा गेली तर काही गाड्यांना कंपनीचे निदानयंत्र लावावेच लागते, तिथे घरचे काम थांबवावे. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी गाडी ढकलत नेऊन, दुसरी रिकाम्या गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने. काढलेले ऑइल पावसाच्या गटारात ओतू नये, ते खाडीत जाते. बंद बाटलीत भरून, जळक्या ऑइलमध्ये न मिसळता, गॅरेजमध्ये वेगळे द्यावे.